आडवा चमचा

३ एप्रिल

मामा,

तेव्हा माझ्या हातांत चार बश्या होत्या, म्हणून मला त्याला धरता आलं नाही. लंबूनं एप्रन काढला, त्याची घडी घातली, ती काउंटरवर ठेवली आणि तो बाहेर पडला. आमचं दार त्याला ठेंगणं पडतं. रोज वाकतो तसाच वाकला.

दुपारचा एक वाजला होता. नऊच्या नऊ टेबलं भरलेली. कोपऱ्यात चुटकीसाहेब बसले होते. समोरच्या कचेरीतले सगळ्यात मोठे साहेब. आठवड्यातून तीनदा येतात. तोंडानं हाक मारत नाहीत, चुटकी वाजवतात, म्हणून आम्ही हे नाव ठेवलं. लंबू पलीकडच्या टेबलावर भात वाढत होता. "आलो साहेब," म्हणाला. तर ते उठून त्याच्याजवळ गेले, त्याच्या नाकासमोर दोन चुटक्या वाजवल्या आणि म्हणाले, "ए खांबा, वरच्या मजल्यावर ऐकू येत नाही का?"

लोक हसले. वाक्य हसण्यासारखं होतं, हेच वाईट.

लंबू आमच्याकडे सहा वर्षं होता. आईनं ठेवलेला. आमचा शेवटचा वेटर. आता उरलो तिघं: आचारी, भांडी घासणारी मावशी आणि मी.

दारावर 'माणूस पाहिजे' ही पाटी दोन महिने आहे. आजवर चार जण आले. एक दुपारपर्यंत टिकला. एकानं विचारलं, "सारखं उभंच राहायचं असतं का?" एकाला आचाऱ्याचा आवाज सोसला नाही. चौथा चांगला होता. पण सूप गार आहे म्हणून एका बाईंनी त्याच्या दिशेनं चमचा फेकला. त्यानं तो उचलला, खिशात घातला आणि घरी गेला. चमचाही परत आला नाही.

शेजारचा औषधवाला जागा मागतोय. मधली भिंत पाडून दुकान वाढवायचं म्हणतो. महिनाअखेर उत्तर द्यायचं आहे. माणूस सभ्य आहे. मी जवळजवळ ठरवलंय. आईचं हॉटेल माझ्या हातून बंद झालं, हे तुला तिसऱ्याकडून कळू नये म्हणून लिहितेय. फोन केला असता, पण फोनवर तू "बरं, बरं" म्हणतोस आणि ठेवून देतोस.

गुडघे कसे आहेत?

चिंगी


७ एप्रिल

चिंगे,

गुडघे आपल्या जागी आहेत. आशीर्वाद आहेतच, ते दरवेळी लिहीत बसत नाही.

एक वेटर गेला म्हणून हॉटेल बंद करणारी तू पहिलीच. तुझ्या आईनं पहिलं वर्ष एकटीनं काढलं. तेव्हा टेबलं चार होती, हे खरं. तरीपण.

मी चाळीस वर्षं वेटर होतो. त्यातली शेवटची तेवीस एकाच ठिकाणी. पन्नास टेबलं, चौदा वेटर. आमच्याकडे एक पद्धत होती, ती सांगतो. कुठेही लिहिलेली नव्हती, पण दारवानापर्यंत सगळ्यांना माहीत होती.

प्रत्येक वेटरच्या खिशात एक जादा चमचा असायचा. गिऱ्हाइकानं वेटरचा अपमान केला, तर वेटरनं उलट बोलायचं नाही. तोंडही पाडायचं नाही. तो चमचा काढायचा, मीठदाणीसमोर आडवा ठेवायचा आणि निघून यायचं. त्या टेबलाकडे पुन्हा त्यानं फिरकायचं नाही. कुणीही वेटरनं फिरकायचं नाही. चमचा आडवा पडला, की मालकानं जायचं.

एवढंच. वेटरला माहीत असतं, की आपल्याला पुन्हा त्या तोंडासमोर उभं राहायचं नाही. माणूस कामाला कंटाळून जात नाही, चिंगे. पुन्हा त्याच टेबलाकडे जावं लागतं, त्याला कंटाळून जातो.

मावशीला बाहेर आण. भांडी तू घास, नाहीतर आचाऱ्याला घासू दे. चमचा तिच्या खिशात दे. औषधवाल्याला महिनाअखेरपर्यंत काही बोलू नकोस. त्याच्या गोळ्या टिकतात, त्याची घाईसुद्धा टिकेल.

मामा


१२ एप्रिल

मामा,

तुझा चमचा उलटा पडला.

आधी मावशीबद्दल. तिला आईची जुनी साडी नेसवून बाहेर आणलं. हात चलाख आहे, एका खेपेत पाच बश्या नेते. भांडी मी घासते. आचारी घासणार नाही. त्याला बाहेर काय चाललंय याचा पत्ताच नसतो. तुला आठवतंय ना, तो स्वयंपाकघराबाहेर येत नाही. खिडकीतून त्याचे फक्त हात दिसतात. इतक्या वर्षांत त्यानं एकाही गिऱ्हाइकाचं तोंड पाहिलेलं नाही. रोज सकाळी एकच प्रश्न विचारतो, "नवा माणूस आला का?" मी नाही म्हणते. तो कांदे कापायला लागतो.

पहिल्या दिवशी मावशीनं नऊपैकी सहा टेबलांवर चमचे आडवे केले. त्यातलं एक रिकामं होतं.

मी विचारलं, "इथे कोण आहे?"

"आत्ता कुणी नाही. पण मागच्या आठवड्यात बसला होता तो."

"मावशी, मागचं सोडा."

"बरं. मग पाच."

दुसरं एक टेबल दोनदा साखर मागणाऱ्या आजोबांचं होतं. तेही सोडवलं. उरलेल्या चार ठिकाणी मी गेले. हात पुसत जायचे, "मी बघते" म्हणायचे आणि जेवण आणून द्यायचे. तीन दिवस असं झालं. चौथ्या दिवशी लक्षात आलं, की लोकांना हे आवडायला लागलंय. आडवा चमचा पडला, की मालकीणबाई स्वतः वाढतात. काल चुटकीसाहेब दोन पाहुण्यांना घेऊन आले. मावशी पाणी ठेवून वळते तोच चुटकी. मावशीनं चमचा ठेवला. साहेब पाहुण्यांना म्हणाले, "बघा आता. इथे आपल्याला वेटर चालत नाही. खुद्द मालकीण येतात."

आणि मी गेले, मामा. सूप घेऊन.

आज एका टेबलावरच्या माणसानं मावशीला उगाच दोन शब्द सुनावले आणि स्वतःच आपला चमचा आडवा केला. मला म्हणतो, "बाई, जरा तुमच्या हातचं येऊ द्या."

तुमच्याकडे मालक टेबलापाशी गेल्यावर नेमकं काय करायचा? लवकर लिही. मावशी म्हणते, चमच्याऐवजी झारा ठेवू का.

चिंगी


१५ एप्रिल

चिंगे,

तू अर्धंच केलंस. अर्धंच मी लिहिलं होतं, हेही खरं.

बसायचं.

मालकानं रिकाम्या हातानं जायचं. खुर्ची ओढायची आणि गिऱ्हाइकासमोर बसायचं. विचारायचं, "काय झालं?" आवाज चढवायचा नाही. हसायचंही नाही. तो बोलेपर्यंत थांबायचं. मालक बसलाय तोवर त्या टेबलाला पाणीसुद्धा यायचं नाही.

उभ्या माणसाला हुकूम सोडता येतो. समोर बसलेल्याशी बोलावं लागतं.

आमचा मालक असाच बसायचा. पाय जमिनीला टेकवून, हात मांडीवर. अंगात पांढरा सदरा.

हे लिहिताना सूनबाई चहा घेऊन आली. पत्रात डोकावून म्हणाली, "बाबा, हे कुठले मालक?" मी म्हटलं, "तुला नाही माहीत." ती म्हणाली, "मला तर तुम्ही एकाच मालकाबद्दल सांगितलं होतंत." हल्ली ती फार प्रश्न विचारते.

बसून बघ.

मामा


२० एप्रिल

मामा,

बसले.

पहिलं टेबल एका जाड्या दलालाचं. मावशीला "ए म्हातारे" म्हणाला. चमचा पडला. मी नळ बंद केला, हात पुसले, गेले, खुर्ची ओढली आणि बसले. तो मागे सरकला.

"काय झालं?"

"काही नाही. म्हणजे, बटाटे."

"काय झालं बटाट्यांना?"

त्यानं बशीकडे पाहिलं. बटाटे अजून आलेच नव्हते. तोही हसला नाही, मीही नाही. मग म्हणाला, "सकाळपासून डोकं फिरलंय. ती बाई कुठंय?" मावशी लांबून हात बांधून बघत होती. तो तिला म्हणाला, "घाई नाही, आजी." मावशीनं स्वतः जाऊन चमचा उचलला. आणि मला म्हणाली, "आजी कुणाला म्हणतो हा? ठेवू का परत?"

तेव्हापासून दिवसाला एक, फार तर दोन चमचे पडतात. काल एकही नाही. बसल्यावर बहुतेकांकडे बोलायला काहीच नसतं. मला वाटलं होतं, वेळ जाईल. उलट वाचतो.

आता दुसरी गोष्ट. चुटकीसाहेबांच्या कचेरीनं अठ्ठावीस तारखेची दुपार मागितली आहे. तिथल्या आवक-जावक पाहणाऱ्या बाई एकतीस वर्षांनी निवृत्त होताहेत, त्यांच्यासाठी जेवण. सत्तावीस माणसं, साडेबाराला. म्हणजे माझ्या सगळ्या खुर्च्या: टेबलं नऊ, खुर्च्या सत्तावीस. आणि वाढायला मावशी आणि मी. मी हो म्हणून बसले. हे जमलं तर औषधवाल्याला नाही म्हणायचं, नाही जमलं तर हो. एवढं सोपं करून टाकलंय.

माणूस हवाच म्हणून लंबूला शोधत गेले. तो बाजारातल्या रंगाच्या दुकानात लागलाय. डब्यांत रंग ढवळतो. बरा दिसत होता. म्हणाला, "डबे चुटकी वाजवत नाहीत." मी त्याला चमच्याची गोष्ट सांगितली. त्यानं सगळी ऐकली. मग विचारलं, "आणि मालकीण आली, बसली, आणि गिऱ्हाइकाच्या बाजूनं बोलली तर?"

तो असं का विचारतो, हे मला माहीत होतं. त्याचं कारण लिहिते. पहिल्या पत्रात एक गोष्ट मी लिहिली नव्हती. माझ्या हातांत चार बश्या होत्या हे खरं. पण तोंड मोकळं होतं. साहेबांनी चुटक्या वाजवल्यावर लंबूनं माझ्याकडे पाहिलं होतं. सगळं हॉटेल बघत होतं. मी म्हटलं, "लंबू, सॉरी म्हण आणि मोकळा हो."

त्यानं सॉरी म्हटलं. मग एप्रन काढला.

तुमच्याकडे असं कधी झालं होतं का? चमचा पडला आणि मालक वेटरच्या बाजूनं उभा राहिला नाही, असं? लंबूला काय सांगू?

चिंगी


२४ एप्रिल

चिंगे,

तुझं पत्र दोन दिवस उशीखाली होतं. आता लिहितो.

आमच्याकडे अशी पद्धत नव्हती. चाळीस वर्षांत मी काम केलेल्या कुठल्याच हॉटेलात नव्हती. चौदा वेटर होते, पन्नास टेबलं होती, तेवढं खरं. जादा चमचा कुणाच्याच खिशात नसायचा. दारवानाला काही माहीत नव्हतं, कारण माहीत व्हावं असं काही नव्हतंच.

माझ्या खिशात होता. एकट्याच्या. तिथे कामावर लागल्यापासून बारा वर्षं मी तो घेऊन हिंडलो. मनाशी ठरवलं होतं, की एक दिवस कुणाच्या तरी टेबलावर हा आडवा ठेवीन आणि परत तिकडे जाणार नाही. का आडवा, ते सांगता येणार नाही. उभा तर सगळेच ठेवतात.

तो दिवस आला. एका गिऱ्हाइकानं स्वतःच्या पोरांदेखत माझ्या हातावर चहा ओतला, बशीत चहा सांडला म्हणून. मी चमचा ठेवला आणि आत जाऊन उभा राहिलो. मालक आला. तो बसला नाही. त्याच्या अंगात सदरा होता, पांढरा होता, तेवढं मी खरं लिहिलं. तो चमचा घेऊन आत आला आणि म्हणाला, "हा घे, जा आणि माफी माग."

मी गेलो. माफी मागितली. आणि पुढे अकरा वर्षं तिथेच राहिलो.

तुझ्या आईला हे माहीत नव्हतं. सूनबाईला आहे. मागे ताप आला होता, तेव्हा मी बडबडलो असेन.

तू हॉटेल बंद करणार असं लिहिलंस, तेव्हा मला वाटलं, चाळीस वर्षांतून हिच्या उपयोगाचं काहीतरी निघायला पाहिजे. शोधलं तर सापडेना. मग जे असायला हवं होतं ते लिहिलं. बसण्याचं तर मला पत्र लिहिता लिहिता सुचलं. त्या दिवशी मालक बसला असता तर, असा विचार करताना.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तुझ्या जागी आमचा मालक होता आणि लंबूच्या जागी मी. फरक इतकाच, की लंबूला निघून जाण्याची अक्कल होती. त्याला माझा नमस्कार सांग.

अठ्ठावीसचं जेवण घेऊ नकोस. म्हाताऱ्यानं रचलेल्या गोष्टीच्या भरवशावर सत्तावीस माणसं बसवू नकोस. ते साहेब आपल्याच माणसांसमोर तुझ्यापुढे मान खाली घालणार नाहीत. नाही म्हण, पाहिजे तर माझ्या आजारपणाचं निमित्त कर. गुडघे खरंच गेलेत.

मामा


२८ एप्रिल, संध्याकाळ

मामा,

तुझं पत्र सकाळी अकराला आलं. सूप चुलीवर होतं. उभ्या उभ्याच वाचलं. मावशीनं विचारलं, "काय म्हणतायत मामा?" मी म्हटलं, "म्हणतायत, नाही म्हण." ती म्हणाली, "आता? टेबलं लावून झाल्यावर? मामांना काही कळतं का?"

तू रचलीस हे तिला सांगितलं नाही. तिच्या लेखी ती पद्धत जुनी आणि थोर आहे. खरं सांगू, माझ्याही लेखी. तुमच्याकडे नव्हती. आमच्याकडे आता आहे.

साडेबाराला ते आले. टेबलं जोडून एकच लांब टेबल केलं होतं. टोकाला साहेब, त्यांच्या उजव्या हाताला आवक-जावकच्या बाई. बारीक अंगाच्या, चष्मा दोरीला बांधलेला, समोर फुलं. साहेबांनी भाषण केलं. बाईंचं नाव घेताना अडखळले आणि शेजारच्यानं सांगितलं. मग टाळ्या झाल्या.

मी आणि मावशी पाव ठेवत होतो. सूप खिडकीत यायचं होतं. साहेबांनी चुटकी वाजवली. मावशी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होती. दुसरी चुटकी. "ए, सूप काय उद्या देणार?" मावशी पाव वाटत वाटत आली. तिनं शेवटचा पाव बाईंना दिला, खिशात हात घातला, चमचा काढला आणि साहेबांच्या मीठदाणीसमोर आडवा ठेवला. मग भिंतीपाशी जाऊन उभी राहिली.

साहेब म्हणाले, "हां. आता मालकीण येतील."

आले. हात पुसून, रिकाम्या हातानं. आणि खुर्चीच नव्हती, मामा. सत्तावीस खुर्च्या, सत्तावीस माणसं. असं झालं तर काय करायचं, ते तू रचलं नव्हतंस. मी परत आत गेले आणि मावशी भांडी घासायला घ्यायची ते बुटकं स्टूल आणलं. साहेबांच्या बाजूला ठेवलं आणि बसले. माझी हनुवटी टेबलाला लागत होती. कोणीतरी हसलं. मी हात मांडीवर ठेवले.

"काय झालं?"

"काय झालं म्हणजे? जेवण आणा."

"आणते. आधी काय झालं ते सांगा."

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. पाव चावायचंसुद्धा सगळे थांबले होते. मी म्हटलं, "या महिन्याच्या तीन तारखेला तुम्ही इथे आमच्या माणसाला खांब म्हणालात. तेव्हा मी त्यालाच माफी मागायला लावली. चूक माझी होती. आज मावशी कोणाची माफी मागणार नाही. तेव्हा बसून राहू. सूप मंद आचेवर आहे."

साहेब लाल झाले. म्हणाले, "आम्ही दुसरीकडे जाऊ शकतो."

तेव्हा आवक-जावकच्या बाईंनी चष्मा लावला आणि तो चमचा निरखून पाहिला. मावशीला विचारलं, "हा कशासाठी हो?"

मावशीनं भिंतीपासूनच सांगितलं, "माणसाला माणसासारखी हाक मारली नाही, की हा आडवा ठेवायचा. मग आम्ही वाढत नाही. मालकानं यायचं."

"ज्याचा अपमान झाला, त्यानं ठेवायचा?"

"त्यानंच."

"आणि मालकानं यायचंच?"

"यायचंच. फार जुनी पद्धत आहे."

बाईंनी थोडा विचार केला. मग आपल्या बशीजवळचा चमचा उचलला आणि तो स्वतःच्या मीठदाणीसमोर आडवा ठेवला. अगदी सरळ रेषेत, शिक्का मारावा तसा.

"माझाही," त्या म्हणाल्या. "एकतीस वर्षांत मला कचेरीत नावानं हाक नाही. या साहेबांनी चुटकीनं बोलावलं, आधीच्या साहेबांनी घंटीनं." मग साहेबांकडे वळल्या. "आमच्यात मालक म्हणजे तुम्हीच ना, साहेब?"

टेबलाच्या शेवटी एक शिपाई बसला होता, त्याच्या नाकातून हसू निसटलं. मग शेजारचीला आवरेना. हसू टेबलावरून सरकत सरकत वर आलं आणि साहेबांपाशी येऊन थांबलं. बाई हसत नव्हत्या. त्या वाट बघत होत्या. एकतीस वर्षांची सवय, घाई नव्हती.

साहेब उठले. मला वाटलं, दाराकडे जाणार. त्यांनाही तसंच वाटलं असावं, कारण ते आधी दाराकडेच वळले. मग थांबले. बाईंना म्हणाले, "काय आणू तुम्हाला?"

"सूप."

ते खिडकीपाशी गेले. आता पुढचं ऐक. आत आचारी, बाहेर काय झालं याचा त्याला गंध नाही. दोन महिने नव्या माणसाची वाट बघतोय. खिडकीत एक अनोळखी पुरुष येऊन उभा राहिला. आचाऱ्यानं त्याच्या हातात चार वाट्यांचा ट्रे दिला आणि गरजला, "आलास? बरं झालं. डावीकडून वाढ. अंगठा सूपमध्ये बुडवू नकोस. आणि तो कोट काढ, काय वरातीला आलायस?"

साहेबांनी तोंड उघडलं. आचारी म्हणाला, "बोलू नकोस, गार होतंय."

साहेबांनी कोट काढला.

मी आयुष्यात खूप सूप वाढलेलं पाहिलंय, इतकं शांततेत वाढलेलं कधी नाही. पहिली वाटी बाईंना. डावीकडून. बाईंनी वास घेतला, आपला चमचा उचलून सूपमध्ये घातला आणि चव घेतली. मग लोक श्वास घ्यायला लागले. दुसऱ्या खेपेला शिपाई मदतीला उठला, तर साहेबच म्हणाले, "बस तू." तिसऱ्या खेपेला त्यांच्या हातून थोडं सांडलं. खिडकीतून आवाज आला, "शिकशील."

सात खेपा लागल्या. मी भात वाढायला घेतला, मावशीनं मासा. साहेब शेवटी जागेवर बसले तेव्हा कपाळावर घाम होता. त्यांच्यासमोर मावशीचा चमचा अजून आडवाच होता. ते त्याच्याकडे बघत राहिले. मग मान वळवून म्हणाले, "मावशी, तेवढं लिंबू द्याल का?" मावशीनं लिंबू दिलं आणि चमचा उचलून खिशात टाकला.

जाताना साहेब रिकामा ट्रे खिडकीत ठेवायला गेले. आचारी म्हणाला, "हात बरा आहे तुझा. उद्या सकाळी सातला ये."

आवक-जावकच्या बाई मागे राहिल्या. त्यांनी मला विचारलं, "तो चमचा मी घेऊ का? माझा." मी दिला. त्यांनी तो चष्म्याच्या घरात ठेवला. तो मावला नाही, अर्धा बाहेर राहिला.

तीन वाजता मी औषधवाल्याकडे जाऊन नाही म्हणून आले. त्यानं डोकेदुखीची गोळी पुढे केली. नको म्हटलं.

मावशी चारला "जरा जाऊन येते" म्हणून गेली आणि पाचला आली. कुठे गेली होती ते सांगितलं नाही, पण पदराला निळा रंग लागला होता.

मामा, अकरा वर्षं राहिलास त्याबद्दल तू जे लिहिलंस, ते संध्याकाळी पुन्हा वाचलं, बसून. मी एवढंच करते: काउंटरजवळ एक खुर्ची ठेवलीय, अठ्ठाविसावी. हातांची आहे, गुडघ्यांना बरी. सूनबाईला सांग, ती तुला गाडीत बसवून देईल. इथे तुला काही वाढायचं नाही. बसायचं.

पत्र उद्या सकाळी टाकते.

चिंगी

ता. क. २९ तारीख, सकाळ. सातला दार उघडलं तर बाहेर लंबू उभा होता. मी म्हटलं, "सॉरी मी म्हणायला हवं होतं." तो म्हणाला, "मावशींनी सांगितलं सगळं." वाकून आत आला, हात धुतले, काउंटरखालून एप्रन काढून बांधला आणि चमचे पुसायला बसला. पुसून झाल्यावर एक खिशात ठेवला. आचाऱ्यानं खिडकीतून विचारलं, "कालचा तो नवा आला नाही?" मी सांगितलं, त्याला दुसरीकडे नोकरी आहे.